हिवाचा महिना

वाशीमला कोणी थंडी पाहायला येत नाही. थंडीसाठी माणसे महाबळेश्वरला जातात, फार तर चिखलदऱ्याला जातात, आणि ज्यांची ऐपत असते ती सिमल्याला जाऊन बर्फात फोटो काढून घेतात. वऱ्हाडाचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे ऊन. माझे थोरले बंधू राजापूरकडे आमच्या मूळ गावी आंब्याची बाग सांभाळून आहेत. मी या गावच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो त्याला पंधरा वर्षे होऊन गेली, तरी ऐन डिसेंबरात ते फोनवर विचारतात, "काय रे, तिकडे कूलर चालू असतील ना?" त्या वेळी मी अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात मोजे अशा थाटात अंगणात उभा असतो. मी त्यांना "हो" म्हणून सांगतो. फोनवर भूगोल शिकवण्याइतका मी धाडसी नाही.

वास्तविक हा सारा उंचीचा खेळ आहे. जुने लोक वऱ्हाडाचे दोन भाग करीत. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळ्याभोर मातीचा तो पयनघाट, आणि त्याच्या दक्षिणेला डोंगर चढून गेल्यावर लागतो तो बालाघाट. अकोला पयनघाटात, वाशीम बालाघाटात. वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पण हवेने ही वाटणी केव्हाच करून टाकली होती. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही उंच नाही, वाशीम साडेपाचशेच्या आसपास आहे. अकोल्याहून संध्याकाळच्या एस.टी.त बसावे. पातूरपर्यंत खिडक्या उघड्या असतात आणि माणसे मोकळेपणी गप्पा मारीत असतात. पातूर सोडून गाडी घाटाला लागली की पुढची एक खिडकी बंद होते, मग तिच्यामागची. मेडशी येईपर्यंत साऱ्या खिडक्या बंद झालेल्या असतात आणि गप्पाही. मालेगावला कंडक्टर खाली उतरतो तो चहा घेतल्याशिवाय वर येत नाही. या प्रवासासाठी तापमापकाची गरज नाही.

याच पठारावरून पाण्याचाही दुभाग होतो. काटेपूर्णा इकडच्या डोंगरातून निघून उत्तरेला पूर्णेकडे धावते, पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. अडाण आणि अरुणावती या पैनगंगेच्या लेकी. त्यांचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असे वळसे घेत बंगालच्या उपसागराला मिळते. पौषातल्या पहाटे एखाद्या टेकाडावरच्या गवताला लगडलेले दव पाहिले की मला उगीचच वाटते, यातला कोणता थेंब कुठल्या समुद्राचा?

'हिवाळा' हा शब्द आपण सारेच वापरतो. पण त्याच्या पोटातले 'हिव' शहरांतून हद्दपार झाले आहे. पुण्यामुंबईला थंडी वाजते, इकडे अजून हिव वाजते. संस्कृतातल्या 'हिम'चे हे प्राकृत वळण. 'हेमंत' त्याच घरातला, 'हिमालय' त्याच घरातला, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिन भाषेतला हिवाळ्याचा शब्दही याच कुळातला. बर्फाचे नाव जिथे कधी बर्फ पडत नाही अशा मुलुखातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी टिकून राहावे, हा भाषेचा मोठा गमतीचा व्यवहार आहे. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले हसतात. 'हिव' हा शब्द त्यांना गावंढळ वाटत असतो. त्यांच्या आजीचा शब्द रोमन लोकांच्या शब्दाचा चुलतभाऊ आहे हे कळल्यावर ती जरा सावरून बसतात.

गावाला हिवाळ्याचा आणखी एक जुना पुरावा आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. येथे १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. राजघराण्याची वंशावळ सांगताना तो संस्कृत बोलतो आणि प्रत्यक्ष दानाची कलमे सांगताना प्राकृतात उतरतो. मोठेपणा संस्कृतात आणि व्यवहार लोकभाषेत, ही आपली रीत किती जुनी आहे पाहा. त्यावर तारीख घातली आहे ती राजाच्या सदतिसाव्या वर्षाची, हेमंतातल्या पहिल्या पंधरवड्याच्या चौथ्या दिवसाची. त्या काळी अशा लेखांत वर्षाचे तीन ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे आठ पंधरवडे मोजीत. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी या गावात कोणी एक लेखक सकाळच्या गारठ्यात तांब्याचा गार पत्रा पुढे घेऊन बसला असेल आणि त्याची बोटे वाकत नसतील. मला त्या माणसाविषयी फार आपुलकी वाटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आम्हांलाही याच दिवसांत येते.

असो. पौष हा पंचांगाच्या दृष्टीने भाकड महिना. लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, बँडवाले घरी बसून असतात. पण कारंज्याला पौष असा मोकळा जात नाही. पौष शुद्ध द्वितीया ही श्रीनृसिंह सरस्वतींची जयंती. परंपरा त्यांचा जन्म शके १३०० चा, कारंज्याचाच मानते. त्या पहाटे कारंज्याच्या गल्ल्यांतून ओल्या पंचाने जाणारी माणसे मी पाहिली आहेत. दूरदूरच्या गावांहून आलेली ही मंडळी थंड पाण्याने स्नान करून, दातांवर दात न आपटू देता मंत्र म्हणत असतात. माझी भक्ती कानटोपीच्या बाहेर पडली नाही. दर्शन घेऊन मी जवळच्या हॉटेलात गेलो, तेथे दोन्ही हातांत चहाचा पेला धरून बसलेले अनेक भक्त भेटले.

वाशीम शहरात पौषाची सकाळ उशिरा उजाडते. सूर्य वेळेवर उगवतो, माणसे उगवत नाहीत. बालाजीच्या देवळाकडे काकड्याला जाणाऱ्या चार वृद्ध स्त्रिया, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि शिकवणीला निघालेली मुले, एवढीच काय ती वर्दळ. चौकात पऱ्हाट्यांची शेकोटी पेटलेली असते. कपाशीचे वाळलेले झाड म्हणजे पऱ्हाटी आणि तुरीचे म्हणजे तुराटी. पऱ्हाटी सावकाश जळते. तुराटी भुर्रकन पेटते, जरा ऊब देते आणि संपते. शेकोटीभोवतीच्या बोलण्याचेही असेच दोन प्रकार असतात. राजकारणाचे बोलणे तुराटीसारखे. मालाच्या भावाचे पऱ्हाटीसारखे, ते सूर्य वर येईपर्यंत धुमसत राहते.

दुपारी मात्र हेच गाव अंगातले स्वेटर काढून खांद्यावर टाकते. अंगणातल्या खांबाला मी एक तापमापक टांगून ठेवला आहे. बहुतेक पौषांत दोनचार सकाळी त्याचा पारा दहाच्या खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता तो अठ्ठावीसवर असतो. एका दिवसात अठरा-एकोणीस अंशांची ही चढउतार दख्खनच्या पठाराची खास. आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसाची ऊब रात्री जमिनीतून निघून सरळ आकाशात जाते, तिला अडवायला ढगाचे पांघरूण नसते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाटीवर किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, तर ती थंडीची लाट. आमच्या घरमालकांची व्याख्या सोपी आहे. खोबरेल तेलाची बाटली उपडी केली आणि तेल हलले नाही, तर लाट.

हा तापमापक टांगण्याचे वेड मला एका इंग्रज पाद्र्याने लावले. गिल्बर्ट व्हाइट हा हँपशायर परगण्यातल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यात राहणारा गृहस्थ; त्याचे पत्ररूप पुस्तक १७८९ साली निघाले. साऱ्या आयुष्यात याने आपल्या गावातले पक्षी, झाडे आणि हवा यांची टिपणे ठेवली, दुसरे काही मोठे केले नाही, आणि तेवढ्यावर तो अजरामर झाला. १७८४ च्या डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत त्याला एक चमत्कार आढळला. शेजारचे न्यूटन गाव सेलबोर्नपेक्षा उंचावर. तेथे थंडी जास्त असणार असा त्याचा समज. प्रत्यक्षात त्या रात्री न्यूटनला थंडी अठरा फॅरनहाइट अंशांनी कमी निघाली. उपकरणावर विश्वास बसेना म्हणून दोन्ही तापमापके शेजारी ठेवून पाहिली, तर ती तंतोतंत जुळली. कारण असे की, शांत निरभ्र रात्री गार हवा जड होऊन पाण्यासारखी उताराने खाली जाते आणि सखल जागी साचते.

हे वाचून मी आमच्या घरमालकांना सांगायला गेलो. बापूंचे सहा एकर वावर रिसोड रस्त्याला आहे. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, हे तर आमच्या बैलालेही माहीत हाये. नाल्याच्या काठाले हिवाळ्यात बैल बसत नाही, धुऱ्यावर जाऊन बसते." धुरा म्हणजे शेताचा बांध. व्हाइटसाहेबांना दोन तापमापके लागली होती.

बापूंच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. मला त्या 'मास्तर' म्हणतात. महाविद्यालय आणि शाळा हा फरक त्यांनी कधी मानलेला नाही. हरभरा गुडघ्याएवढा झाला की पौषातल्या एखाद्या पहाटे त्या वावरात जातात. बरोबर जुन्या पातळाचा धुतलेला तुकडा असतो. एकदा मीही गेलो होतो. अजून तांबडे फुटायचे होते आणि हरभऱ्याचे सारे वावर दवाने पांढुरके दिसत होते. आजींनी ते फडके झाडांच्या शेंड्यांवरून अलगद, झाडाला दुखू नये अशा हाताने फिरवले. पंधरावीस पावले गेल्यावर फडके जड झाले. मग ते त्यांनी एका काचेच्या बरणीत पिळले. पुन्हा फिरवले, पुन्हा पिळले. तास-दीड तासात बरणीच्या तळाशी चार बोटे पाणी जमले, किंचित पिवळसर.

ही हरभऱ्याची आंब. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले पाझरतात आणि दवात उतरतात. आयुर्वेदात हिला चणकाम्ल म्हणतात. चार थेंब जिभेवर ठेवले तर कानशिले आवळून येतात. अपचन, पोटदुखी यांवर खेड्यात हेच औषध. मी चव घेऊन तोंड वाकडे केले, तेव्हा आजी हसल्या. "आता जेवा मास्तर दोन भाकरी जास्त." परतताना पोटऱ्या चुरचुरत होत्या, त्या वावरातून अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या पायांचे काय होत असेल ते तेव्हा कळले. आजी मात्र अनवाणीच होत्या. आंब गोळा करणाऱ्या बायका आता फारशा दिसत नाहीत. आजींच्या सुनेने स्पष्टच सांगितले आहे, की दुकानात पाच रुपयांची पुडी मिळते. शिवाय हरभऱ्यावर हल्ली इतक्या फवारण्या होतात, की कोणत्या वावराची आंब प्यायची हा प्रश्नच आहे. आजी आपल्या एका तासावर फवारू देत नाहीत. बापू त्यावरून कुरकुरतात, पण पंप त्या तासाजवळ आला की बंद करतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र पौषाला भाकड म्हणण्याची कोणाची छाती नाही. तुरीच्या कोवळ्या दाण्यांचे सोले-वांगे, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा तेल-मीठ-मिरची लावलेला घोळाणा, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, आणि रविवारी कोणाच्या तरी वावरात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे. रोडगा हा पदार्थ पाहुण्याने पहिल्यांदा पाहिला तर त्याला तो खाण्याचा आहे असे वाटत नाही. वरून राखेने माखलेला, हातात घेतला तर दगड. पण तो फोडून त्यात तूप सोडले आणि झणझणीत वांग्याची भाजी घेतली, की संभाषण थांबते. पुण्याहून आलेल्या एका समीक्षक मित्राला मी रोडगे खाऊ घातले. त्याने चार खाल्ले आणि नंतर ग्रामीण साहित्यावरचे आपले भाषण रद्द करून झोपला. श्रोत्यांचा त्यात फायदाच झाला.

आता जरा रात्रीकडे वळतो. कारण पौषाची खरी ओळख रात्री होते, आणि ती सगळ्यांना सारखी होत नाही.

माझ्या वर्गात मालेगाव तालुक्यातला एक मुलगा होता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पहिला तास साडेसातचा. तो दुसऱ्या बाकावर बसे आणि दहा मिनिटांत त्याची मान खाली जाई. चार दिवस मी पाहिले आणि पाचव्या दिवशी तास संपल्यावर थांबवून घेतले. तो ओशाळून म्हणाला, "सर, रातीची लाइन हाये ना या हप्त्यात."

लाइन म्हणजे वीज. शेतपंपांना वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात ओलीतही रात्रीच करावे लागते. ओलीत म्हणजे पिकाला पाणी देणे. गहू-हरभऱ्याला पाणी पौषातच लागते, आणि पौषातली रात्र ही अशी. या मुलाच्या वडलांना दम्याचा त्रास. गार हवा लागली की छाती भरून येते. म्हणून रात्री वावरात तो आणि त्याची आई. तुषार संचाचे अॅल्युमिनियमसारखे गार पडलेले नळे दर दोनअडीच तासांनी उचलून पुढे न्यायचे. नळा सोडवताना त्यातले पाणी अंगावर येते. एकाने नळे जोडायचे, दुसऱ्याने बॅटरी धरून पायाखाली पाहायचे, कारण उंदरांच्या मागे सापही निघतात. मधल्या वेळात तुराट्या पेटवून बसायचे.

एकदा रात्री त्याच्याबरोबर मी गेलो. माझ्या अंगावर तीन कपडे होते आणि मला करण्यासारखे काही काम नव्हते, तरी एका तासात माझ्या कानांची जाणीव गेली. त्याची आई शेकोटीपाशी बसून होती. मला पाहून डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "सर, तुम्ही कायले आले हिवाचे? पोराले काई बोलू नका, तो अभ्यास करते." वावरापासून थोड्या अंतरावरून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. रात्रभर त्यावरून दिव्यांची रांग सरकत असते. आत बसलेल्यांना काचेबाहेर काळोखाशिवाय काही दिसत नसणार. वावरातून मात्र त्यांचे दिवे स्पष्ट दिसतात. मुलगा म्हणाला, "झोप आली का मी गाड्या मोजतो सर. दोनशे झाल्या का नळे बदलाचे."

त्या वर्षी हिवाळी परीक्षा लांबल्या आणि मराठीचा पेपर ऐन रात्रपाळीच्या आठवड्यात आला. पेपर सकाळी नऊला, आणि लाइन पहाटेपर्यंत. पर्यवेक्षण माझ्याकडेच होते. तो वेळेवर आला, पॅंटचे पाय चिखलाने भरलेले. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, सगळे लिहू लागले; तो तळहात एकमेकांवर चोळत बसला होता. बोटे आखडल्यामुळे त्याला पेन धरता येईना. नियमाप्रमाणे मला त्याच्याशी बोलता येत नव्हते. खिडकीतून एका बाकावर ऊन येत होते. मी त्याला खुणेने उठवून त्या बाकावर बसवले आणि जागाबदलाची रीतसर नोंद केली. पंधरा मिनिटांनी त्याने लिहायला सुरुवात केली. पहिला प्रश्न बालकवींच्या निसर्गकवितेवर होता. काय लिहिले ते मी पाहिले नाही, पण पुरवणी त्याने दोन वेळा मागितली.

पौषाला भिण्याचे दुसरे कारण थंडी नव्हे. थंडी पडली तर इकडचा कास्तकार खूष असतो. गव्हाला फुटवे येतात, हरभरा घाट्यांनी लगडतो. भीती असते ती थंडी अचानक नाहीशी होण्याची. दोनतीन दिवस वारा पडतो, सकाळी उकडल्यासारखे वाटते आणि आकाशात पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग दिसू लागतात. हे ढग फार लांबून आलेले असतात. भूमध्य समुद्राकडे तयार झालेले विक्षोभ पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयात बर्फ टाकतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्यांचा पदर कधीकधी खाली मध्य भारतापर्यंत लोळतो, त्यात उपसागरावरून ओली हवा येऊन मिसळली की येथे आभाळ येते. मग पहाटे धुवारी पडते. शहरातली मुले धुवारीत फोटो काढतात. वावरात मात्र हरभऱ्याचे फूल गळते, घाटेअळी वाढते आणि सोंगून ठेवलेली तूर ओल धरते. राजापूरला बंधू त्याच सकाळी मोहराकडे पाहून हेच ढग मोजत असतात. आम्हां दोघा भावांचे हवामानाबाबत एकमत होते ते या दोनतीन दिवसांतच.

एका पौषात पौर्णिमेच्या सुमारास असे आभाळ आले. बापूंची तूर सोंगून वावरातच सुडी लावून ठेवलेली होती. थ्रेशरवाल्याची पाळी दोन दिवसांनी होती. रात्री आठच्या सुमारास मोबाइलवर इशारा आला, मेघगर्जनेसह पाऊस, तुरळक ठिकाणी गारा. 'गारा' हा शब्द या भागात हळू आवाजात उच्चारतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चाललेली गारपीट लोक विसरलेले नाहीत, आणि ११ फेब्रुवारी २०१८ ची तर नाहीच. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस पुन्हा अवकाळी आला तेव्हा तूर फुलावर होती.

बापूंचा मुलगा पुण्याला कंपनीत. घरात दुसरा पुरुष मी. बापूंनी मला बोलावले नाही, नुसत्या दोन ताडपत्र्या मोटारसायकलवर बांधू लागले. मी मफलर गुंडाळून मागे बसलो. वावरात पोचलो तेव्हा वारा सुटला होता. सुडी घराएवढी उंच. बापू वयाच्या पासष्टीला तिच्यावर चढले आणि मी खालून ताडपत्रीचे टोक धरले. वाऱ्याने ती शिडासारखी फुगे आणि मला दोन पावले ओढून नेई. "सोडू नका सर! दाबून धरा!" हे बापू ज्या आवाजात ओरडले तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. काठाला दोऱ्या बांधल्या, दगड लटकवले, दुसरी ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने टाकली. सभोवार पाहिले तर काळोखात वावरावावरांतून बॅटऱ्या हलत होत्या. कोणी कोणाला हाक मारीत नव्हते. शेजारच्या वावरातल्या सुडीपाशी मात्र उजेड नव्हता; तो कास्तकार लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेलेला. बापूंनी एकदा तिकडे पाहिले, आपल्या सुडीवरच्या दुहेरी ताडपत्रीकडे पाहिले, आणि वरची सोडायला लागले. मी काही बोललो नाही. ती आम्ही शेजारच्या सुडीवर टाकली. पुरली नाही, एक बाजू उघडीच राहिली.

पाऊस साडेदहाला आला आणि अर्ध्या तासात गेला. गारा पडल्या नाहीत. आम्ही मांडवाखाली उभे होतो. बापूंनी बिडी पेटवली ती तीन काड्यांनंतर. "अर्धी तरी वाचली त्याची," एवढेच ते म्हणाले.

पुढे ऊन पडल्यावर हिशेब झाला. बापूंच्या सुडीचा खालचा थर भिजला होता, तेवढी तूर डागी निघाली. शेजाऱ्याची थोडी जास्त. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला आठ हजार रुपये आहे, पण डागी मालाला बाजारात हात लावणारा आपलाच भाव सांगतो. बापूंनी ती डागी तूर विकली नाही, घरी डाळ करायला ठेवली. त्या वर्षभर आम्ही तिचेच वरण खाल्ले. चवीत फरक मला तरी कळला नाही.

आभाळ गेले की थंडी दुप्पट जोराने परतते. संक्रांतीच्या सुगडांत बोरे, गाजर, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे घालून बायका वाण लुटतात, तेव्हा पुन्हा अंगणात तेलाची बाटली गोठलेली असते. या दिवसांत सवड काढून मी कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात जातो. पिवळ्या पडलेल्या गवतात काळवीट सकाळच्या उन्हाकडे बाजू करून उभे असतात, माणसे चौकात उभी राहतात तसेच. गवतावरून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी तरंगत जातात. ते मध्य आशियातली थंडी चुकवून इकडे ऊब शोधायला येतात. बंधूंना हे सांगितले तर ते म्हणतील, बघ, पक्ष्यांनासुद्धा माहीत आहे वऱ्हाड गरम असते.

तो मालेगावचा मुलगा परीक्षा पास झाला. निकाल घेऊन आला तेव्हा पिशवीत हरभऱ्याचे टहाळ होते, मुळांना माती लागलेले. शेवटच्या पाण्यावर घाटे चांगले भरले होते. वडील आता उन्हात बसतात म्हणाला, रात्रीची लाइन अजून तशीच आहे.

माघाच्या प्रतिपदेला सकाळी पारा तेरावर होता आणि वारा दक्षिणेचा. बापूंनी दोन्ही ताडपत्र्या धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकल्या होत्या. एकीला कोपऱ्यात फाटले होते, तेथे आजी दाभण घेऊन बसल्या होत्या.